हरलेल्या पक्षाचे काय करायचे? दादासाहेबांच्या आयुष्यातून

२९ डिसेंबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा स्मृतिदिन. १९७१ साली याच तारखेला दिल्लीत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. आमच्या प्रकाशासारख्या गावात ही तारीख फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. केदारेश्वराच्या दर्शनाला लोक येतात, अस्थी विसर्जनाला येतात, पूजापाठ करून निघून जातात. १९५५ साली पुरातत्त्व खात्याने येथील टेकाड खणले तेव्हा खाली ताम्रपाषाण काळातील वस्ती सापडली. म्हणजे तीन हजार वर्षांहून अधिक काळ माणूस या काठावर राबतो आहे. आणि तरीही तापीकाठच्या या काळ्या जमिनीत पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या कित्येक घरांच्या नावाचा सातबारा आजही नाही. दादासाहेबांचा विषय आमच्याकडे निघतो तो येथून निघतो, पुतळ्यावरून नव्हे.

दुसरे एक निमित्त आहे. सत्ता गेलेला पक्ष कसा दिसतो, हे आमच्या नंदुरबार जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. माणिकराव गावित येथून १९८१ ते २००९ या काळात नऊ वेळा लोकसभेवर गेले. काँग्रेस म्हणजे नंदुरबार, असे देशभर समजले जाई. २०१० साली आधार कार्डाची सुरुवात करायलाही दिल्लीचे सरकार जवळच्या टेंभलीतच आले. २०१४ ला ती जागा गेली, २०१९ लाही गेली, २०२४ ला परत आली. मधल्या दहा वर्षांत आम्ही काय पाहिले? ज्यांच्या घरात तीन पिढ्या एकच झेंडा होता, त्यांच्या दारावर दुसरा झेंडा लागला. जे राहिले त्यांना आपण का राहिलो हे सांगता येईना. योजना आमची होती, नाव त्यांनी बदलले, एवढेच त्यांचे भाषण. सत्तेबाहेर आपण कोण आहोत, हा प्रश्न त्या पक्षाने स्वतःला कधी विचारलाच नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती.

आम्हा आंबेडकरी लोकांना त्यावर हसण्याचा अधिकार नाही. आमच्या पक्षाच्या हाती सत्ता अशी आलीच किती? जी थोडी आली ती गेल्यावर आम्ही काय केले? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात जेवढे स्वच्छ सापडते तेवढे कोणत्याही ठरावात सापडत नाही. त्याने एकाच आयुष्यात बरोबर उत्तरही दिले आणि, आमच्या मते, चुकीचेही दिले. म्हणून आज दादासाहेब.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. ते वकील नव्हते, बॅरिस्टर नव्हते. धोतर नेसणारा, गावातल्या माणसाशी गावातल्या भाषेत बोलणारा हा माणूस. बाबासाहेबांच्या भोवती शिकलेल्यांची कमतरता नव्हती, पण खेड्यातल्या माणसाला घराबाहेर काढून रस्त्यावर बसवणे आणि महिनोन्महिने बसवून ठेवणे, हे काम सगळ्यांना जमणारे नव्हते. ते भाऊरावांना जमत होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्याची सारी व्यवस्था त्यांच्या खांद्यावर होती. गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब लंडनला गेले तेव्हाही नाशिकची आघाडी यांनीच सांभाळली. दगड खाल्ले, तुरुंग पाहिला, गावागावांतला बहिष्कार सोसला. ही लढाई पाच वर्षे चालली आणि मंदिराचे दार उघडले नाही.

दादासाहेबांचे सार्वजनिक आयुष्य अशा रीतीने एका पराभवापासून सुरू होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून कळवले की मंदिरप्रवेश हे काही आपले साध्य नव्हते, लोकांमध्ये जाग यावी म्हणून ती वाट धरली होती, आता शक्ती शिक्षणात आणि राजकारणात लावायची. पाच वर्षे ज्याने तो सत्याग्रह छातीवर घेतला त्याला हे वाचून काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. पण त्यांनी तो मुद्दा समजून घेतला. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि त्या परिषदेमागे नाशिक जिल्ह्यातील याच कार्यकर्त्यांची फळी उभी होती. जिंकता न आलेल्या लढाईतून माणसे मात्र उभी राहिली होती.

१९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात गेले. त्या पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. खोती रद्द करण्याचे विधेयक, जानेवारी १९३८ चा मुंबईतला शेतकऱ्यांचा मोर्चा, नोव्हेंबर १९३८ मधला कामगारांचा संप, ही त्या पक्षाची ओळख. महार वतन हा दादासाहेबांचा खास जिव्हाळ्याचा विषय होता, कारण वतन म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. गावाची अहोरात्र चाकरी करायची, आणि त्या बदल्यात एवढीशी जमीन, तीही भावाभावांत वाटून वाटून नांगर फिरवता येणार नाही एवढी झालेली.

पुढे १९४२ मध्ये क्रिप्स आले, ब्रिटिशांनी वाटाघाटीसाठी जमाती आणि समाज मोजायला सुरुवात केली आणि मजूर पक्ष बाजूला ठेवून शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन काढावे लागले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पण १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशन भुईसपाट झाले. त्या वर्षी पुण्याला विधिमंडळासमोर फेडरेशनच्या लोकांनी सत्याग्रह केला. १९५१ मध्ये बाबासाहेब केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले, १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात हरले. थोडक्यात, आमचा पक्ष हरण्यात नवखा नव्हता. आमच्या तरुण मित्रांना आजच्या पराभवाने फार खचल्यासारखे होते, त्यांनी हा इतिहास एकदा उघडून पाहावा.

या पराभवांच्या मधोमध, १९५३ मध्ये, बाबासाहेब हयात असतानाच, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. सरकारी पडीक जमीन आणि गायरान भूमिहीनांना कसायला द्या, ही मागणी. नेतृत्व दादासाहेबांचे. हा धागा येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे ज्यांनी जमिनीच्या लढ्याला कम्युनिस्टांचे खूळ म्हटले त्यांना या सत्याग्रहाचा विसर पडला होता.

६ डिसेंबर १९५६ नंतर सारा समाज पोरका झाला. दोनच महिन्यांपूर्वी धम्मदीक्षा झालेली, आणि फेडरेशनऐवजी सर्व वंचितांचा रिपब्लिकन पक्ष काढण्याची बाबासाहेबांची योजना कागदावर राहिलेली. तशात १९५७ ची निवडणूक आली. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. समितीच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेत गेले, इतर सहकारीही गेले, मुंबई विधानसभेत फेडरेशनचे आमदार दिसू लागले. मुंबई महापालिका समितीच्या हाती आली आणि १९५९ मध्ये आमचे पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, एन. शिवराज अध्यक्ष झाले, पुढे ती धुरा दादासाहेबांकडे आली. बाबासाहेबांच्या पश्चात लगेच मिळालेले हे यश मोठे होते. पण ते कोणाचे होते? मते मिळाली ती संयुक्त महाराष्ट्रासाठी. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि समितीचे प्रयोजनच संपले. ज्या गाडीत बसून आपण आलो ती गाडी मुक्कामाला पोहोचली, आता पुढचा रस्ता पायी.

पायी चालायला पक्ष तयार होता का? नव्हता. १९५९ मध्येच त्याची दोन शकले झाली. एका बाजूला ॲड. बी. सी. कांबळे आणि शिकलेली, कायदा जाणणारी तरुण मंडळी. दुसऱ्या बाजूला दादासाहेब आणि खेड्यातला समाज. लोकांनी एकाला दुरुस्त म्हटले, दुसऱ्याला नादुरुस्त. शब्द विनोदी वाटतात, पण त्यातला घाव खोल होता. दादासाहेबांच्या धोतरावरून टवाळी झाली. ज्याला घटना कळत नाही तो बाबासाहेबांचा पक्ष काय चालवणार, असा सूर निघाला. वादाचा गाभा मात्र धोतराचा नव्हता. कांबळे यांच्या बाजूचे म्हणणे असे की बाबासाहेबांनी घटनेचा मार्ग दिला आहे, कम्युनिस्टांच्या सोबतीने रस्त्यावर उतरणे हा त्या मार्गाशी द्रोह आहे, बौद्ध म्हणून मिळालेली वेगळी ओळख डाव्यांच्या गर्दीत बुडेल. दादासाहेबांचे म्हणणे असे की दीक्षा घेतलेल्या माणसाच्या घरात संध्याकाळी चूल पेटत नसेल तर ती ओळख तो कोठे ठेवणार?

आम्हाला दोन्ही बाजूंचे म्हणणे कळते. ॲड. कांबळे यांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. डाव्यांच्या सभेत जातीचा प्रश्न कसा हळूच खिशात घातला जातो, हे आम्हीही पाहिले आहे. पण भीतीतून पक्षाला कार्यक्रम मिळत नाही, आणि कार्यक्रम दादासाहेबांजवळ होता.

१९५९ चा दुसरा भूमिहीन सत्याग्रह आमच्या भागातला, खानदेश आणि नाशिकच्या पट्ट्यातला. आजचे धुळे आणि नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश म्हणून ओळखले जात. या भागात भूमिहीन हा शब्द उच्चारला की काय होते, हे बाहेरच्या वाचकाला समजावून सांगायला हवे. मराठवाड्यात भूमिहीन म्हटले की महारवाडा, मांगवाडा डोळ्यांसमोर येतो. शहादा, तळोदा, नंदुरबारात भूमिहीन म्हटले की आधी भिल्ल येतो. सावकाराच्या वहीत एकदा अंगठा उमटला आणि बापजाद्यांची जमीन गेली, मग त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबायचे, अशी घरे या तालुक्यांत गावोगाव. बौद्ध वस्ती त्या मानाने लहान. म्हणजे केवळ जातीच्या नावाने पक्ष काढला तर आमच्याकडे तो वस्तीच्या वेशीपर्यंतच जाणार. भूमिहीनांच्या नावाने काढला तर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाणार. बाबासाहेबांना फेडरेशन मोडून रिपब्लिकन पक्ष का काढायचा होता, याचा अर्थ नागपूरच्या ठरावापेक्षा या सत्याग्रहाने जास्त सोपा करून सांगितला. नाव बदलून पक्ष सर्वांचा होत नाही. सर्वांना लागणारी भाकरी मागितली तर होतो. असे आमचे मत आहे, आणि ते दादासाहेबांच्या या एका कामावर उभे आहे.

मग १९६२ आले. महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचा एकही खासदार लोकसभेत गेला नाही. विधानसभेत अवघे ३. तिकडे उत्तर प्रदेशात मात्र लोकसभेच्या ३ आणि विधानसभेच्या ८ जागा आल्या. अलिगढमधून बी. पी. मौर्य निवडून आले. तेथे चर्मकार आणि मुसलमान एकत्र आले होते. जो पक्ष महाराष्ट्रात जन्मला तो महाराष्ट्रात हरला आणि जेथे त्याने दुसऱ्या वंचिताचा हात धरला तेथे जिंकला. या निकालाचा अर्थ लावायला मोठा राज्यशास्त्रज्ञ लागत नव्हता.

दादासाहेब राज्यसभेवर गेले आणि १९६८ पर्यंत तेथे राहिले. सहा वर्षे निवांत बसता आले असते. तिकडे यशवंतराव चव्हाणांची काँग्रेस समाजाला जवळ घेऊ पाहत होती. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली होती. राज्याने नवबौद्धांना सवलती लागू केल्या होत्या. आमच्यातले काही जण दादासाहेब रूपवते यांच्यासारखे काँग्रेसच्या वाटेनेही गेले. पक्ष हरला की प्रत्येक कार्यकर्त्यासमोर दोन दारे असतात, त्यांतले एक नेहमी उघडे आणि उजेडाचे असते.

दादासाहेबांनी दुसरे दार निवडले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत संसदेवर मोर्चा गेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद देण्यात आली. तीत दहा मागण्या होत्या. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा. कसणाऱ्याला जमीन द्या. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. धान्य वाजवी दरात पुरवा. झोपडपट्टीतल्यांची स्थिती सुधारा. किमान वेतन कायदा खरोखर लागू करा. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. दलितांचा छळ थांबवा. अस्पृश्यता गुन्हे कायद्याखाली न्याय द्या. नोकऱ्यांतील राखीव जागा १९७० पर्यंत भरा. ही यादी नीट पाहा. तीत तैलचित्र आहे आणि धान्यही आहे. बौद्धांचा प्रश्न आहे आणि झोपडपट्टीतल्या कुणाचाही प्रश्न आहे. अस्मिता की भाकरी, असा जो वाद आमच्या विचारवंतांनी पुढे पन्नास वर्षे घातला तो या धोतरवाल्या माणसाने एका कागदावर मिटवून टाकला होता.

सरकार हलले नाही. ६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाणदिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, पंजाब, दक्षिणेकडची राज्ये, सर्वत्र माणसे कचेऱ्यांवर गेली आणि अटक करून घेतली. तीन लाखांहून अधिक लोकांनी तुरुंगवास पत्करला. बायका कडेवर मुले घेऊन गेल्या. दादासाहेबांच्या पत्नी गीताबाई गेल्या, शांताबाई दाणी गेल्या. शेतमजुराला एक दिवसाचा तुरुंग म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, आणि सुटून आल्यावर मालकाने कामावर न घेणे. तरीही लोक जात राहिले. धान्यटंचाईचे ते दिवस होते, जेलमध्ये निदान जेवण मिळते अशी चेष्टा काही वर्तमानपत्रवाल्यांनी केली असेल तर नवल नाही. उपाशी माणसाने सत्याग्रह केला तर तो भुकेचा मानायचा आणि पोट भरलेल्याने केला तर तत्त्वाचा, हा या देशाचा जुना न्याय आहे.

१९६५ च्या सुरुवातीला शास्त्रींच्या सरकारने बोलणी केली, आश्वासने दिली, सत्याग्रह थांबला. काही ठिकाणी पडीक जमिनीचे वाटपही झाले. तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागायला १९९० साल उजाडले. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या, म्हणजे मागणी केल्यापासून २६ वर्षांनी. पण १९६४ च्या हिवाळ्यात रिपब्लिकन पक्ष म्हणजे काय, हे देशात कुणाला विचारावे लागत नव्हते. लोकसभेत महाराष्ट्रातून एकही जागा नसलेल्या पक्षाला पंतप्रधानांना बोलणीला बोलवावे लागले.

येथवरचे दादासाहेब सर्वांना आवडतात. स्मृतिदिनाची भाषणेही बहुधा येथेच थांबतात. आम्हाला पुढे जायचे आहे.

१९६७ मध्ये, जिल्हा परिषदांच्या निवडणुकांच्या निमित्ताने, दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. समोर यशवंतराव चव्हाण होते, तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री. ज्या माणसाने दोनच वर्षांपूर्वी काँग्रेसचे तुरुंग भरले त्याने काँग्रेसशी हात का मिळवला? वय झाले म्हणून, पद हवे म्हणून, अशी उत्तरे आम्ही ऐकली आहेत. ती आम्हाला मान्य नाहीत. ते कधी मंत्री झाले नाहीत. १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली, तेवढ्यासाठी कोणी आयुष्यभराची लढाई विकत नाही.

कारण गावात शोधले पाहिजे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या होत्या. विहीर, शाळाखोली, रस्ता, सोसायटीचे कर्ज, बियाणे, सगळे आता तालुक्याच्या पुढाऱ्याच्या हातून येणार होते. सत्याग्रह करून आलेल्या माणसाला त्याच पुढाऱ्याच्या दारात उभे राहायचे होते. गावाने पाणी बंद केले, काम बंद केले, तर त्याच्या पाठीशी कोण? पक्षाजवळ पैसा नव्हता, वकिलांची फळी फुटून गेलेली, आमदार बोटांवर मोजण्याइतके. सत्तेत थोडा वाटा मिळाला तर निदान खेड्यातल्या आपल्या माणसाला ढाल मिळेल, असा हिशेब त्यामागे होता असे आम्हाला वाटते. हा हिशेब करुणेचा होता. आणि तो चुकला.

पदे मिळाली नाहीत असे नाही. रा. सू. गवई १९६८ मध्ये विधान परिषदेचे उपसभापती झाले. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे १९६९ मध्ये राज्यसभेचे उपसभापती झाले. ही दोन्ही माणसे कर्तबगार, त्या खुर्च्यांना शोभणारी. पण १९७१ मध्ये लोकसभेत पक्षाचा एकच खासदार पोहोचला, आणि पाठोपाठ गवई आणि खोब्रागडे यांचे दोन वेगळे पक्ष झाले. उत्तरेत बी. पी. मौर्य काँग्रेसमध्ये गेले. सत्तेत वाटा मागणाऱ्या पक्षाला फोडायला फार कष्ट पडत नाहीत, एकाला दिले आणि दुसऱ्याला नाही दिले की झाले. शिवाय ज्याच्याकडे जमीन मागायची त्याच्याच पंगतीला बसल्यावर जमिनीचा सत्याग्रह कोण करणार? १९६४ नंतर रिपब्लिकन पक्षाने त्या तोडीचा लढा पुन्हा उभारला नाही. मोठमोठे जमीनदार ज्या पक्षात होते त्या पक्षाशी युती असताना तो उभारता येतही नव्हता. जुलै १९७२ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतली पोरे दलित पँथर काढून रस्त्यावर आली, ती या रिकाम्या जागेतूनच आली.

आमच्या शहादा तालुक्यात मात्र या रिकाम्या जागेचा अर्थ पँथरच्या आधीच कळला होता. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर जमीनदारांकडून गोळीबार झाला. भिल्ल शेतमजूर पेटून उठला. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल तरुण गावोगाव फिरून माणसे जोडत होता. भजने गात, दारू सोडायला सांगत, जमिनीचा हक्क समजावत. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले, डाव्या विचारांची शिकलेली पोरे आली. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण पडलेल्या जमिनी, सालदाराची मजुरी, जमीनदारांनी पिकाच्या राखणीच्या नावाखाली पोसलेल्या टोळ्या, हे सारे प्रश्न तेथे आले. १९५९ मध्ये खानदेशात दादासाहेबांनी जे मागितले होते ते हेच की नाही? पण या लढ्याच्या अग्रभागी निळा झेंडा नव्हता. रिपब्लिकन पक्ष तेव्हा जिल्हा परिषदेच्या जागावाटपात होता.

दादासाहेब २९ डिसेंबरला गेले आणि शहाद्याची परिषद ३० जानेवारीला भरली. मध्ये एकच महिना. आम्ही या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहतो तेव्हा फार अस्वस्थ होतो. त्या वेळी आमच्या काठावरचा बौद्ध आणि सातपुड्याचा भिल्ल एका झेंड्याखाली आले असते तर या जिल्ह्याचे राजकारण वेगळे झाले असते, असे म्हणायचा मोह होतो. झाले असते की नाही, कोण सांगणार. पण जी वाट त्यांनीच पाडली होती ती त्यांच्याच पक्षाने बुजू दिली, एवढे तर खरेच आहे.

त्यानंतरची कथा वाचकांना ठाऊक आहे, ती उगाळत बसत नाही. ऐक्य झाले, मोडले, पुन्हा झाले. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे असे चार जण एकदम लोकसभेत गेले, तेही खुल्या जागांवरून. समाजाला १९५७ ची आठवण झाली. काँग्रेसशी युती होती म्हणून ते गेले, आणि ऐक्य टिकले नाही म्हणून ती ताकदही टिकली नाही. नंतर कोणी या आघाडीत गेले, कोणी त्या, कोणी केंद्रात मंत्री झाले, कोणी वंचितांची स्वतंत्र आघाडी काढली. प्रत्येक निवडणुकीनंतर आम्ही कोणाला किती जागा सोडल्या याचा हिशेब मांडतो. गायरानाच्या अतिक्रमणांचा, वनपट्ट्यांच्या नाकारलेल्या दाव्यांचा हिशेब पक्षाच्या बैठकीत शेवटचा कधी झाला, हे आम्हाला आठवत नाही.

दादासाहेबांचे नाव सरकारने एका योजनेला दिले आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना, २००४ पासूनची. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान. योजना चांगली आहे, आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण जमीन सरकारने विकत घ्यायची आणि मग वाटायची, तीही ठरलेल्या दराने. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले, काठावर पाणी थांबले, ऊस आणि केळी आली, जमिनीचा भाव कोठल्या कोठे गेला. सरकारी दराने येथे जमीन विकायला कोण येणार? अर्ज पडून राहतात. भूमिहीन आदिवासींसाठी अशीच दुसरी योजना आदिवासी विकास खात्याची आहे. तिची खिडकी वेगळी, फाईल वेगळी, साहेब वेगळा. एकाच बांधावर शेजारी शेजारी निंदणी करणारे दोन मजूर, एक बौद्ध आणि एक भिल्ल, दोन वेगळ्या कचेऱ्यांत हेलपाटे घालतात आणि एकमेकांना विचारत नाहीत.

दिवाळी सरली की आमच्या पुलावरून ट्रक जाऊ लागतात. सातपुड्यातली माणसे, बायका, पोरे, कोंबड्या, भांडी, सगळा संसार वर घालून गुजरातेत ऊसतोडीला निघालेले. सुरत, बारडोलीच्या कारखान्यांची टोळी. २९ डिसेंबरला वस्तीत दादासाहेबांच्या तसबिरीला हार घालायला आम्ही जमतो, तेव्हा निम्म्याहून अधिक घरांना कुलूप असते. गेल्या वेळी हार घालून झाल्यावर एका पोराने विचारले की हे धोतरवाले बाबा कोण. त्याला काळाराम मंदिर सांगावे की १९६४ चा सत्याग्रह, असा आम्ही क्षणभर विचार केला आणि सत्याग्रहापासून सुरुवात केली. त्याचे आईबाप तेव्हा बारडोलीच्या फडात होते.